अवधान-विकार : एका उपेक्षित अवस्थेचा इतिहास आणि वर्ध्याचा धडा

मराठी वाङ्मयात अवधानाला मोठा मान आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे मागतात ते एक अवधानच. मंगलाष्टकांत वधूवरांना जे पुनःपुन्हा बजावले जाते, तेही 'सावधान' हेच. ज्याला अवधान देता येते त्याला आपण गुणी म्हणतो. ज्याला ते देता येत नाही, त्याच्यासाठी आपल्या भाषेत नावांचा तोटा नाही : धांदरट, वेंधळा, विसरभोळा, चळवळ्या, उपद्व्यापी, द्वाड. यांतील एकही नाव व्याधीचे नाही. सारी स्वभावाची आहेत आणि त्यांतली बहुतेक दूषणेच आहेत.

वैद्यकशास्त्र ज्या अवस्थेला आज एडीएचडी म्हणते आणि मराठीत जिला अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार असे लांबलचक नाव दिले जाते, तिची नीट ओळख आपल्या घरांना अद्याप झालेली नाही. या लेखात आम्ही तिला केवळ 'अवधान-विकार' म्हणू. जगभरच्या अभ्यासांचा मेळ घातला, तर शंभर मुलांमागे सुमारे पाच मुलांत हा विकार आढळतो. या हिशेबाने साठ मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात अशी दोन-तीन मुले असावयाची. त्यांचे आईवडील धर्मगुरूंकडे येतात, तेव्हा दोन निवाडे सोबत घेऊन येतात. पहिला निवाडा घरातील वडीलधाऱ्यांचा : लाडाने बिघडला आहे, चार फटके द्या, ताळ्यावर येईल. दुसरा शेजारपाजारचा : हे हल्लीचे खूळ आहे, मोबाईलने आणले, आमच्या वेळी असले काही नव्हते.

हे दोन्ही निवाडे इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाहीत, हे दाखविण्याचा आमचा हेतू आहे. त्या इतिहासात १९३७ हे वर्ष विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या एका वर्षात अमेरिकेतील एका बालरुग्णालयात आणि आपल्या वर्धा शहरात, एकमेकांचे नावही ऐकले नसेल अशा माणसांनी, मूल शिकत का नाही या प्रश्नाची दोन अगदी वेगळी उत्तरे दिली. दोन्ही उत्तरे एकेकटी अपुरी होती. घरात असे माणूस असलेल्यांना मात्र त्या दोहोंची गरज आहे, असे आमचे मत झाले आहे.

दोनशे वर्षांची नोंद

'आमच्या वेळी नव्हते' या म्हणण्याचा विचार प्रथम करू. १७९८ साली अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश वैद्याने मनोविकारांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील एक प्रकरण अवधान आणि त्याचे विकार यांवर आहे. काही माणसांना एकाच विषयावर मन ठरवता येत नाही, ही अवस्था जन्मजात असू शकते, ती लहानपणीच दिसू लागते आणि तिच्यामुळे मुलाचे शाळेतील शिक्षण अवघड होते, असे त्याने लिहिले. वयाबरोबर ती बहुधा कमी होते, हेही त्याने नोंदविले. त्यावेळी आपल्याकडे पेशवाई होती. वीज नव्हती, आगगाडी नव्हती, मग मोबाईल कोठून असणार!

पुढे १८४०च्या दशकात हाइनरिश हॉफमन या फ्रँकफुर्टच्या डॉक्टरने स्वतःच्या लहान मुलासाठी चित्रांचे एक पुस्तक तयार केले. ते जर्मनीत घरोघर वाचले गेले. त्यात फिलिप नावाचा एक मुलगा आहे. जेवणाच्या टेबलाशी त्याला स्वस्थ बसवत नाही, तो खुर्ची झुलवीत राहतो आणि अखेर टेबलावरील कापडासकट सारे जेवण खाली ओढून घेतो. पुढील आवृत्त्यांत आकाशाकडे पाहत चालणारा आणि त्यामुळे पाण्यात पडणारा दुसराही एक मुलगा आला. आज तज्ज्ञ या विकाराची जी दोन रूपे सांगतात, एक अतिचंचलतेचे आणि दुसरे हरवलेपणाचे, ती दोन्ही त्या पुस्तकात सापडतात. पण पुस्तकाचा सूर उपदेशाचा आहे. फिलिप वाईट वागला आणि त्याची फळे त्याने भोगली, एवढेच बालवाचकाने त्यातून घ्यावयाचे होते.

विज्ञानही आरंभी या सुरातून सुटले नाही. मार्च १९०२ मध्ये लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने तेथील राजवैद्यक महाविद्यालयात तीन व्याख्याने दिली. बुद्धीने इतरांसारखीच असलेली, परंतु स्वतःला आवरू न शकणारी, शिक्षेचा परिणाम न होणारी, शाळेत लक्ष न टिकणारी मुले त्याने वर्णिली. अशा मुलांत मुलग्यांची संख्या अधिक, हेही त्याच्या ध्यानात आले. ही अवस्था वाईट संगोपनाने येते असे नाही, चांगल्या घरांतही ती आढळते, हे त्याचे निरीक्षण मोलाचे होते. तथापि तिला नाव देताना त्याने 'नैतिक नियंत्रणातील दोष' अशा अर्थाचे शब्द वापरले. त्याकाळी त्या शब्दांचा आशय आजच्याहून व्यापक होता, हे खरे. पण 'नैतिक' हा शब्द एकदा चिकटला की तो सहजी सुटत नाही.

येथे धर्मगुरू म्हणून आम्हांला चार शब्द लिहिणे भाग आहे. ख्रिस्तसभेच्या नीतिशास्त्रात गंभीर पापासाठी विषयाचे गांभीर्य, पूर्ण जाणीव आणि पूर्ण संमती अशा तीन गोष्टी लागतात. ज्या कृतीत संमतीच अपुरी आहे, तिचा दोष त्या प्रमाणात हलका होतो. हे सेमिनरीत प्रत्येक जण शिकतो. असे असूनही मिस्सेत चुळबुळ करणारे मूल, प्रार्थनेचे शब्द मध्येच विसरणारा मुलगा, ऐन वेळी सांगितलेले काम न केलेली सून यांच्या बाबतीत आपण संमतीचा प्रश्न विचारीतच नाही. ती होती असे गृहीत धरतो. अवधान-विकार असलेल्या माणसाला चांगले काय हे ठाऊक असते, ते करण्याची इच्छाही असते. इच्छा आणि कृती यांच्या मधला जो दुवा, तो त्याच्या ठायी कच्चा असतो. त्याच्या हातून काही चुकतच नाही, असे आम्ही म्हणत नाही. परंतु आळस आणि असमर्थता यांना एकाच तराजूत घालणे न्यायाचे नव्हे.

आपल्या संतांच्या चरित्रांतही याविषयी विचार करण्याजोगा एक प्रसंग आहे. कुपर्तिनोचा संत जोसेफ (१६०३–१६६३) लहानपणापासून आपल्याच तंद्रीत असे. तोंड उघडे टाकून भान हरपलेल्या या मुलाला गावकऱ्यांनी 'आ वासलेला' असे टोपणनाव दिले होते. कपुचिन मठात तो मदतनीस बंधू म्हणून गेला, तेथे त्याच्या हातून ताटल्या पडून फुटत, सांगितलेली कामे राहून जात. काही महिन्यांतच त्याला मठातून काढून टाकण्यात आले. पुढे फ्रान्सिसकन संघाच्या दुसऱ्या एका मठाने त्याला तबेल्यात खेचरांची निगा राखण्याचे काम दिले. ते त्याने मनापासून केले आणि तेथूनच त्याचा पुढील मार्ग उघडला. १६२८ साली त्याला गुरुदीक्षा मिळाली, १७६७ साली तो संत म्हणून घोषित झाला. परीक्षेला बसणारी मुले आजही त्याची मध्यस्थी मागतात. चरित्रकार त्याच्या तंद्रीचे कारण त्याच्या समाधी-अवस्थेत शोधतात. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आज रोगाचे नाव चिकटविण्यात अर्थ नाही. आम्ही बोट दाखवितो ते दोन मठांकडे. माणूस तोच होता. एका घराने त्याच्या हातून काय फुटते ते पाहिले, दुसऱ्याने त्याच्या हातून काय होऊ शकते ते पाहिले.

प्रॉव्हिडन्स, १९३७

या विकाराचे मूळ स्वभावात नसून मेंदूत असू शकते, हे डॉक्टरांना प्रथम ठळकपणे जाणवले ते एका साथीमुळे. १९१७ पासून सुमारे दहा वर्षे मेंदूच्या दाहाची एक विलक्षण साथ युरोप-अमेरिकेत पसरली होती. तिच्यातून वाचलेली पुष्कळ मुले बरी होऊन घरी आली, पण बदलून आली. पूर्वी शांत असलेले मूल आता क्षणभर स्थिर राहीना, त्याचे लक्ष कशावर ठरेना. एका आजाराने मुलाचे वागणे असे पालटते, तर प्रत्येक चंचल मुलाला संस्कारांचा अभाव कसा चिकटवावयाचा, हा प्रश्न उभा राहिला.

अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात प्रॉव्हिडन्स शहराजवळ ब्रॅडली नावाचे एक सधन कुटुंब होते. त्यांची एकुलती एक मुलगी एमा हिला सातव्या वर्षी मेंदूचा दाह झाला आणि ती कायमची अपंग झाली. तिला योग्य उपचार मिळतील असे एकही ठिकाण त्या मातापित्यांना सापडले नाही. त्यांनी मृत्युपत्रात आपली मालमत्ता अशा मुलांच्या रुग्णालयासाठी ठेवली आणि १९३१ साली ते रुग्णालय एमाच्या नावाने उघडले. घरातील एका माणसाच्या दुखण्यातून उभी राहिलेली ही संस्था या इतिहासाचे निर्णायक स्थान ठरली.

याच कुटुंबातील डॉ. चार्ल्स ब्रॅडली तेथे प्रमुख होते. मुलांच्या मेंदूची छायाचित्रे घेण्याची तेव्हाची पद्धत फार त्रासाची होती आणि तिच्यानंतर मुलांचे डोके असह्य दुखे. ते थांबावे म्हणून डॉ. ब्रॅडलींनी बेन्झेड्रिन नावाचे एक उत्तेजक औषध देऊन पाहिले. डोकेदुखी विशेष कमी झाली नाही. पण शिक्षकांनी येऊन सांगितले की काही मुले एकाएकी अभ्यासात रस घेऊ लागली आहेत. डॉ. ब्रॅडलींनी तीस मुलांवर पद्धतशीर निरीक्षण केले. त्यांतील सुमारे निम्म्या मुलांच्या शाळेतील कामात ठळक सुधारणा दिसली. उत्तेजक औषधाने चंचल मूल शांत व्हावे, हे त्यांनाही कोड्यासारखे वाटले. मुले स्वतः त्या गोळ्यांना गणिताच्या गोळ्या म्हणू लागली होती. हा निबंध १९३७च्या अखेरीस प्रसिद्ध झाला आणि पुढील वीसेक वर्षे जवळजवळ कोणी त्याची दखल घेतली नाही. १९४४ साली मिथाइलफेनिडेट हे औषध प्रथम तयार झाले आणि १९५०च्या दशकात रिटालिन या नावाने बाजारात आले. त्यानंतर कोठे डॉ. ब्रॅडलींच्या कामाकडे पुन्हा लक्ष गेले.

या गोळीने एक गोष्ट सिद्ध केली. ज्या मुलाला वर्षानुवर्षे हट्टी म्हटले गेले, ते तासाभरात पाटीपुढे स्थिर बसू शकते, तर त्याचा हट्ट हे मूळ कारण नव्हतेच.

वर्धा, १९३७

त्याच वर्षी, २२ व २३ ऑक्टोबरला, वर्ध्यास मारवाडी शिक्षण मंडळाच्या विद्यालयात देशभरचे शिक्षणतज्ज्ञ जमले होते. अध्यक्षस्थानी महात्मा गांधी होते. काँग्रेसची मंत्रिमंडळे नुकतीच सत्तेवर आली होती आणि त्या प्रांतांचे शिक्षणमंत्रीही उपस्थित होते. सात वर्षांचे सक्तीचे व मोफत शिक्षण द्यावे, ते मातृभाषेतून असावे आणि सारे शिक्षण एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाभोवती गुंफलेले असावे, असे ठराव झाले. डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिने २ डिसेंबर १९३७ रोजी अहवाल सादर केला. हीच वर्धा योजना, पुढे 'नई तालीम' म्हणून ओळखली गेलेली.

या अहवालात अवधान-विकाराचा उल्लेख नाही, असणे शक्यही नव्हते. तथापि त्यातील दिनक्रम आजच्या पालकांनी पाहण्यासारखा आहे. शाळेचे एकूण साडेपाच तास. त्यांपैकी तीन तास वीस मिनिटे मूलोद्योग, म्हणजे सूतकताई, शेती, सुतारकाम यांसारखे हाताचे काम. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून चाळीस मिनिटे, मातृभाषा चाळीस मिनिटे, समाजशास्त्र व सामान्य विज्ञान तीस मिनिटे, व्यायाम दहा मिनिटे, मधली सुटी दहा मिनिटे. नुसते बसून ऐकण्याची सक्ती असलेला वेळ त्यात फारच थोडा होता.

१९३८ साली हिंदुस्तानी तालिमी संघ स्थापन झाला. त्याचे काम सेवाग्रामला ज्यांनी उभारले, ते ई. डब्ल्यू. आर्यनायकम मूळचे सिलोनचे तमिळ ख्रिस्ती होते. शांतिनिकेतनात रवींद्रनाथांजवळ काम करून ते आणि त्यांच्या पत्नी आशादेवी वर्ध्याला आले होते. कपाशीच्या या मुलखात मुले कापूस वेचीत, पिंजत, टकळीवर सूत काढीत. लांबी मोजताना गणित शिकत आणि कापूस कोठून येतो, कोठे जातो हे पाहताना भूगोल व इतिहास. सफाई, स्वयंपाक, बागकाम हेही शिक्षणच होते.

अवधान-विकाराविषयी आज जे ज्ञात आहे, त्याच्याशी या पद्धतीचे काही धागे जुळतात. या माणसांजवळ अवधान मुळीच नसते, असे नाही. ते हवे तेथे, हवे तेव्हा वळविणे त्यांना जमत नाही. काम छोट्या तुकड्यांत असले, त्याचे फळ लगेच दिसले, शरीराला हालचाल मिळाली आणि चूक झाल्याचे तत्क्षणी कळले, तर त्यांचे लक्ष टिकते. टकळीचा धागा तुटला की मुलाला मास्तरांनी सांगावे लागत नाही. परीक्षेचा निकाल सहा महिन्यांनी लागतो, धाग्याचा त्याच क्षणी.

पण हे चित्र रंगवून सांगण्यात हशील नाही. सूतकताई एकसुरी असते आणि चंचल मुलाला तिचा कंटाळा येणारच. शिक्षकांचे वेतन मुलांच्या उत्पादनातून निघावे, या अपेक्षेवर तेव्हाच टीका झाली. आर्थिक बाजूपायी शैक्षणिक हेतू मागे पडण्याचा धोका झाकीर हुसेन समितीने स्वतःच बोलून दाखविला होता. स्वातंत्र्यानंतर पुष्कळ शाळांवर 'बेसिक'ची पाटी लागली आणि आत जुनीच घोकंपट्टी चालू राहिली. ज्यांना परवडत होते, त्यांनी आपली मुले पुस्तकी शाळांतच धाडली. योजना ओसरत गेली. २००५ साली सेवाग्रामच्या आवारात 'आनंद निकेतन' ही शाळा नई तालीमच्या विचाराने पुन्हा सुरू झाली, एवढा धागा मात्र जिवंत आहे.

प्रॉव्हिडन्सने मुलाच्या मेंदूकडे पाहिले, वर्ध्याने शाळेच्या दिवसाकडे पाहिले. केवळ गोळी दिली आणि घरातील आरडाओरड तशीच ठेवली, तर मुलाचे लक्ष टिकेल, पण मन सावरणार नाही. केवळ वातावरण बदलले आणि विकार तीव्र असूनही औषध नाकारले, तर मुलाला विनाकारण पाण्याबाहेर पोहायला लावल्यासारखे होईल.

नाव बदलत गेले

१९६८ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या सूचीत या अवस्थेला बालपणातील अतिचंचलतेची प्रतिक्रिया म्हटले होते. १९८० साली प्रथमच अवधानाची न्यूनता हे मुख्य लक्षण ठरले. १९८७ साली अवधान-न्यूनता व अतिचंचलता हे आजचे जोडनाव आले. २०१३ साली आणखी एक महत्त्वाचा बदल झाला. लक्षणे सातव्या वर्षापूर्वी दिसली पाहिजेत ही अट सैल होऊन ती बाराव्या वर्षापूर्वी, अशी झाली आणि प्रौढांसाठी निकष थोडे शिथिल झाले.

या बदलांना तज्ज्ञांचा गोंधळ समजू नये. नजर हळूहळू कोठे वळली, ते त्यांतून कळते. आरंभी जे मूल धावते, उड्या मारते, वर्ग उधळते तेच दिसे. पुढे खिडकीबाहेर पाहत शांतपणे हरवून जाणारे मूलही दिसू लागले, आणि त्यांत मुली पुष्कळ होत्या. त्या कोणाला त्रास देत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. त्या 'मंद' ठरतात, शिक्षण अर्धवट सोडतात आणि लग्नानंतर 'हिला संसार सांभाळता येत नाही' हे ऐकत राहतात. हा विकार पुष्कळांच्या बाबतीत प्रौढपणीही टिकतो. चंचलता ओसरते, पण विसर, दिरंगाई, अर्धवट टाकलेली कामे, वेळेचे न राहणारे भान आणि भडकणारा राग मागे राहतो.

जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून या विकारात आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा, सुमारे सत्तर टक्क्यांहून अधिक, असल्याचे दिसते. मुलाच्या तपासणीसाठी गेलेल्या बापाला डॉक्टरांचे प्रश्न ऐकता ऐकता आपलेच बालपण समोर दिसू लागते, असे पुष्कळदा घडते. ज्या बापाने त्यासाठी स्वतः मार खाल्ला, तोच आपल्या मुलावर हात उगारत असतो. ती साखळी तोडण्याचे सामर्थ्य या ज्ञानात आहे.

तथापि प्रत्येक खोडकर मूल विकारग्रस्त नसते. या विकाराचे निदान रक्ततपासणीने वा मेंदूच्या छायाचित्राने होत नाही. लक्षणे किमान सहा महिने टिकलेली, वयाला न शोभणारी, घर आणि शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसणारी आणि जीवनात खरोखर अडथळा आणणारी असावी लागतात. ऐकू कमी येणे, दृष्टिदोष, अपुरी झोप, फेफऱ्याचा सौम्य प्रकार, थायरॉइडचे दोष, घरातील भांडणे किंवा बापाचे मद्यपान यांनीही मूल अस्वस्थ होते. ही कारणे आधी तपासावी लागतात, म्हणून निदान तज्ज्ञानेच करावयाचे असते.

घरात काय करता येईल

प्रथम भाषा बदलावी. 'तू असाच आहेस' या वाक्याऐवजी 'हे राहिले, आता करू' असे म्हणावे. सूचना जवळ जाऊन, नाव घेऊन, एका वेळी एकच द्यावी. स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलेल्या चार कामांपैकी एकही अशा मुलाच्या हाती लागत नाही. उठणे, जेवण, अभ्यास, झोप यांच्या वेळा ठरलेल्या असाव्यात आणि भिंतीवर लिहून ठेवाव्यात. अभ्यासाचे पंधरा-वीस मिनिटांचे तुकडे करावेत व मध्ये उठून हालचाल करू द्यावी. चांगल्या गोष्टीचे कौतुक त्याच क्षणी करावे. रात्री जेवताना केलेल्या सकाळच्या कौतुकाचा उपयोग थोडाच होतो. मार तर मुळीच नको. माराने भय वाढते, अवधान वाढत नाही.

घरातील इतर मुलांचाही विचार हवा. सारे लक्ष एकाच भावंडावर जाते, तेव्हा बाकीची मुले मुकाट्याने रुसतात. सर्वांत अधिक थकते ती आई. शाळेतून तक्रार आली की सासर तिलाच जबाबदार धरते. हा विकार आईच्या संगोपनातून येत नाही, हे वाक्य घरातील कर्त्या पुरुषाने सर्वांसमक्ष उच्चारले पाहिजे. प्रौढ नातेवाइकाच्या बाबतीत वही, गजर, ठरलेल्या जागी किल्ल्या, हप्त्यांच्या तारखा घरातील दुसऱ्याने लक्षात ठेवणे, अशा साध्या आधारांनी संसार पुष्कळ सुकर होतो.

औषधाविषयी अकारण भीती बाळगू नये आणि ते सहजपणे घेऊही नये. मिथाइलफेनिडेट हे कायद्याने नियंत्रित औषध आहे, ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच मिळते. भूक व झोप कमी होणे हे त्याचे परिचित दुष्परिणाम आहेत, म्हणून वजन, उंची, नाडी व रक्तदाब यांवर लक्ष ठेवावे लागते. अगदी लहान मुलांत आधी पालकांचे प्रशिक्षण व वर्तनोपचार यांवर भर दिला जातो. औषध मनाने सुरू करू नये, मनाने बंदही करू नये.

आपल्या जिल्ह्यातील सोयी

वर्धा जिल्ह्यातील कुटुंबांना यासाठी मुंबई-पुणे गाठण्याची गरज नाही. डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ साली सेवाग्रामला उभारलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत आणि सावंगी (मेघे) येथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही मनोविकार विभाग आहेत. 'मनोविकार' या पाटीला बिचकून पुष्कळ जण दारातूनच परततात. डोळ्यांच्या विभागात जाण्यात जशी लाज नाही, तशी यातही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथून सुरू झाला. त्यात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत व सरकारी शाळांत तपासणी केली जाते, आणि तपासावयाच्या अवस्थांत अवधान-विकाराचाही समावेश आहे. तपासणीचे पथक शाळेत येईल तेव्हा आपली शंका पालकांनी शिक्षकांमार्फत अवश्य कळवावी. मानसिक आरोग्याविषयी फोनवरून मोफत सल्ला देणारी टेलि-मानस ही सरकारी सेवाही २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

कायद्यातील एक बारकावा सांगणे आवश्यक आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे एकवीस प्रकार आहेत. त्यांत अध्ययन-अक्षमता आहे, अवधान-विकार नावाने नाही. मात्र अवधान-विकार असलेल्या पुष्कळ मुलांना वाचन, लेखन वा गणितातील अध्ययन-अक्षमताही असते. ती आहे की नाही याची तपासणी वेळेवर झाली आणि प्रमाणपत्र मिळाले, तर दहावीच्या परीक्षेत जादा वेळ यांसारख्या सवलती घेता येतात. ही तपासणी दहावीच्या वर्षापर्यंत लांबवू नये.

धर्मग्रामानेही आपला वाटा उचलावा. धर्मशिक्षणाच्या वर्गात अशा मुलाला मागच्या बाकावर न ढकलता पुढे बसवावे. फळा पुसणे, पुस्तके वाटणे, मेणबत्त्या लावणे, सणाच्या वेळी गोठ्याची सजावट करणे अशी हाताची कामे त्याच्याकडे सोपवावीत. मिस्सेत त्याची चुळबुळ झाली, तर मागे वळून त्याच्या आईकडे पाहण्याचा मोह इतरांनी आवरावा. उन्हाळ्याची सुटी संपून शाळा उघडली की पहिल्या पंधरवड्यातच आईवडिलांनी, दोघांनीही मिळून, वर्गशिक्षकांची भेट घ्यावी, मुलाला काय जमते ते आधी सांगावे आणि काय जमत नाही ते नंतर. एकट्याने जाण्यास संकोच वाटत असेल, तर धर्मगुरूंना सोबत बोलवावे. आम्ही येऊ.